आरसी ३९० ट्रॅकवर नेताय? सस्पेन्शनला हात कुठून लावायचा

ट्रॅक डेचं, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाचं, बुकिंग झालं की रायडरांच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास पडतात: एक्झॉस्ट कुठला घेऊ आणि मोनोशॉक (मागच्या चाकाचा एकुलता शॉक ॲब्सॉर्बर) कुठला घेऊ. एक्झॉस्टचं ज्याचं त्याने बघावं. मोनोशॉकपुरतं सांगायचं तर तो खर्चाच्या यादीत बराच खाली येतो, आणि त्याच्या वरची निम्मी कामं जवळपास फुकटात होतात. ती कुठल्या क्रमाने करायची, ते इथे सांगतो.

उदाहरणाला केटीएम आरसी ३९० घेतली आहे. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी ही गाडी आपल्याकडे भरपूर आहे, आणि तिचं डब्ल्यूपी ब्रँडचं सस्पेन्शन भारतात बनवणारी एन्ड्युरन्स कंपनीही संभाजीनगरचीच. तुमच्याकडे निन्जा ३००, आर१५ किंवा अपाची आरआर ३१० असेल तरी पद्धत हीच. आकडे तेवढे आपापल्या मॅन्युअलमधून घ्या.

कंपनीतून निघालेली गाडी कुणा एकासाठी जुळवलेली नसते. साठ किलोचा कॉलेजकुमार, नव्वद किलोचा आयटीवाला, मागे बसणारा मित्र, सोसायटीच्या दारातला स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे या सगळ्यांना ती पुरली पाहिजे. ट्रॅकवर यातलं एकच उरतं: रायडिंग गिअर घातलेले तुम्ही. बाकी सगळं वजा करायचं, एवढंच काम.

स्क्रू फिरवण्याआधी

सस्पेन्शन बिघडलंय असं वाटणाऱ्या निम्म्या तक्रारी भलतीकडूनच येतात. पहिला संशयित टायरमधली हवा. स्वतःचा चांगला गेज घ्या, पेट्रोल पंपावरच्यावर विसंबू नका. टायरमधल्या हवेचं तापमान ३० अंशांवरून ७० वर गेलं की ३० पीएसआयचे जवळपास ३६ होतात. चेन्नईत सकाळी नऊच्या सेशनला भरलेली हवा दुपारी दोनला तीच राहत नाही. म्हणून टायर कंपनीने ट्रॅकसाठी सांगितलेलं गरम प्रेशर धरा आणि पिटमध्ये आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी, मोजा.

मग पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. मधोमध कुठे खाच लागल्यासारखं वाटलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ते बेअरिंग, गेलेत. शॉकपची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, म्हणजे फोर्कची) टोकं धरून पुढे-मागे ओढल्यावर 'टक' वाजलं तर रेसर सैल आहेत. मागचं चाक उचलून चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) डावी-उजवीकडे हलवून बघा. जराही खेळ नको. शॉकपच्या नळ्यांवर तेलाचं कडं दिसलं तर ऑईल सील बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

चेनकडे सहसा कुणी बघत नाही. पुढचं स्प्रॉकेट, चिमटा ज्यावर फिरतो तो बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर नीट वाटणारी चेन रायडर बसल्यावर तारेसारखी ताठ होत असेल, तर मागचं सस्पेन्शन तिथेच अडतं. मग दोन लाखांचा मोनोशॉक बसवा, उपयोग शून्य. जाड मित्राला सीटवर बसवा, गाडी दाबा आणि त्या स्थितीत चेनला थोडी ढील उरते का ते बोटाने तपासा.

सॅग: रविवारची सकाळ, तीन माणसं, एक टेप

सॅग म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती बसलं, ते मिलिमीटरमध्ये. हे मोजल्याशिवाय पुढची प्रत्येक गोष्ट अंदाजपंचे होते. पार्किंगमधली सपाट जागा पुरते. एकजण गाडी धरेल, एकजण मोजेल आणि तुम्ही पूर्ण गिअर घालून बसाल. लेदर सूट, बूट, हेल्मेट, बॅक प्रोटेक्टर मिळून सहज दहा किलो भरतात, त्यामुळे टी-शर्टवर घेतलेला सॅग कामाचा नाही. पाय फुटपेगवर, शरीर टाकीवर झुकलेलं, जसं सरळ पट्ट्यावर असता तसं.

मागची बाजू आधी. ॲक्सलच्या बरोबर वर टेलवर (सीटच्या मागच्या भागावर) मास्किंग टेपचा तुकडा लावून पेनने रेघ मारा. चाक हवेत असताना ॲक्सल ते रेघ हे अंतर घ्या. समजा ५७५ मिमी आलं. आता तुम्ही बसा. मित्र टेल थोडी वर उचलून अलगद सोडेल आणि मोजेल: ५३७. मग टेल खाली दाबून अलगद सोडेल आणि पुन्हा मोजेल: ५३३. दोन्हींची सरासरी ५३५, म्हणजे सॅग ४० मिमी. दोन मापांतला ४ मिमीचा फरक हे घर्षण. तो फरक दहा-बारा मिमीपर्यंत गेला तर बेअरिंग, बुश किंवा वाकलेला दांडा शोधायला लागा.

पुढे हेच. आरसीचा शॉकप उलटा आहे, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत नळी खाली. धूळ-सीलच्या कडेपासून खालच्या ॲक्सलच्या पकडीपर्यंत दिसणारी चकचकीत नळी मोजायची. आधी चाक हवेत ठेवून, मग रायडर बसवून, उचलून आणि दाबून.

आता उद्दिष्ट. आरसीच्या पुढच्या चाकाची हालचाल साधारण १२० मिमी, मागची १५०. ट्रॅकसाठी रायडरसकट पुढे ३० ते ३५ आणि मागे २८ ते ३३ मिमी ही चांगली सुरुवात आहे. मागे आणखी एक माप घ्यायचं, ते म्हणजे रायडर नसताना गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते. ते ५ ते १० मिमी हवं.

हे शेवटचं माप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि खरी गोम त्यातच आहे. वरच्या उदाहरणात प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून बसवली ते) वाढवून ४० चे ३२ केले, छान वाटलं. मग रायडरशिवाय मोजलं तर जेमतेम १ मिमी. याचा अर्थ स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम आहे आणि ती दाबून दाबून तुम्ही उंची मिळवली आहे. ब्रेक मारताना मागचं चाक हलकं झालं की त्याला खाली पसरायला जागाच नाही, ते थेट हवेत तरंगतं. उलट रायडरसकट ३० आणि रायडरशिवाय १५ आलं तर स्प्रिंग जास्त कडक आहे. म्हणजे स्प्रिंग बदलायची की नाही, हे टेप सांगते, इंटरनेटवरचा कुणी नव्हे.

'थोडं हार्ड करून देतो'

गॅरेजमध्ये 'ट्रॅकला चाललोय' म्हटलं की हे वाक्य येतंच. त्यानंतर मिस्त्री हुक पाना घेऊन मागच्या मोनोशॉकचं कडं दोन-तीन खाचा वर चढवतो आणि म्हणतो, झालं. काय झालं? प्रीलोड वाढल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ९ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग ५ मिमी दाबून बसवा की १५ मिमी, त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला ९ न्यूटनच लागतात. बदलली ती गाडीची उंची. मागची बाजू वर आली, हँडल जरा चपळ वाटायला लागलं आणि आपल्याला वाटलं सस्पेन्शन सुधारलं.

आरसीत आणखी एक खुबी आहे. मागचा मोनोशॉक लिंकेजशिवाय थेट चिमट्याला जोडलेला आहे आणि चाकाच्या हालचालीच्या मानाने त्याचा दांडा बराच कमी सरकतो. म्हणून कड्यावरचा एक मिलिमीटर चाकापाशी त्याहून पुष्कळ मोठा होतो. एका वेळी एकच खाच, मग पुन्हा टेप.

पुढे बहुतेक आरसींना बाहेरून फिरवायला काहीच नसतं. तिथे प्रीलोड बदलायचा म्हणजे टोपी काढून स्प्रिंगवरचा स्पेसर कमी-जास्त लांबीचा करायचा. ॲल्युमिनिअमची नळी लेथवर दोन्ही टोकं काटकोनात फेस करून घ्या. काही जण पीव्हीसी पाइप कापून घालतात. चालतो, पण टोकं तिरकी राहिली तर स्प्रिंग वाकडी बसते.

स्प्रिंगचा वेढा कापून ती कडक करायची जुनी युक्तीही ऐकाल. गणित खरं आहे: २० कामाच्या वेढ्यांतले २ काढले तर स्प्रिंग साधारण ११ टक्क्यांनी कडक होते. पण कापलेलं टोक सपाट नसतं, ते नळीला घासतं आणि त्याचा कीस तेलात उतरतो. योग्य दराची स्प्रिंग विकत घ्या. पुढच्या प्रत्येक नळीत ०.५ न्यूटन प्रति मिमीच्या टप्प्याने वर जा, एकदम दोन टप्पे नको. आणि ट्रॅकसाठी सरळ दराची घ्या. जसजशी दाबेल तसतशी कडक होणारी स्प्रिंग ब्रेकिंगच्या मध्येच स्वभाव बदलते.

पुढच्या शॉकपचं तेल

खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक याच कामाने पडतो. रस्त्यावर दोन-तीन वर्षं चाललेल्या गाडीतून निघणारं तेल करड्या राखाडी पाण्यासारखं असतं, धातूच्या भुकटीने चमकणारं. ते एका पांढऱ्या बशीत काढून मालकाला दाखवावं, म्हणजे वाद मिटतो.

1. गाडी हेडस्टॉकच्या स्टँडवर उचला. वरच्या पकडीचा (हँडलपाशी नळी धरणाऱ्या क्लॅम्पचा) बोल्ट आधी सैल करा आणि नळी खालच्या पकडीत घट्ट असतानाच टोपी पाव फेरा मोकळी करा. नळी बाहेर काढल्यावर टोपी सोडवणं म्हणजे हाल.

2. कॅलिपर, चाक, मडगार्ड काढा. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. नळी वर किती बाहेर होती ते मोजून लिहा.

3. टोपी, स्पेसर, स्प्रिंग काढा. नळी उलटी करून तेल निथळू द्या, दांडा हळूहळू वर-खाली करत राहा. पंधरा मिनिटं तशीच राहू द्या.

4. नवं तेल ओता आणि हवेचे बुडबुडे जाईपर्यंत दांडा सावकाश चालवा. दांड्याला सारखा, गुळगुळीत विरोध लागला की झालं. मग दहा मिनिटं थांबा.

5. नळी पूर्ण दाबलेली, स्प्रिंग बाहेर, अशा स्थितीत वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. हाच 'एअर गॅप'. मॅन्युअलमधल्या आकड्यापासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत सारख्या ठेवा. मोठी सिरिंज आणि तिला मापाची नळी लावली की जास्तीचं तेल बरोबर तेवढंच ओढता येतं.

6. जोडताना ॲक्सल घट्ट करा, पण तळाच्या पकडीचे बोल्ट सैल ठेवून गाडी खाली घ्या. पुढचा ब्रेक धरून शॉकप पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे दोन्ही नळ्या आपोआप समांतर येतात. त्यानंतरच पकडीचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. ही पायरी गाळली की शॉकप अडकत चालतो आणि दोष तेलाला जातो.

तेलाच्या डब्यावर १०डब्ल्यू लिहिलेलं असतं, पण एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १०डब्ल्यूइतकं घट्ट असेलच असं नाही. मागच्या बाजूला ४० अंशांचा सेंटिस्टोकचा (तेलाच्या घट्टपणाच्या मापाचा) आकडा बघा आणि तो वहीत लिहा.

एअर गॅपचा उपयोग फक्त शेवटच्या पट्ट्यासाठी. तेलावरची हवाही एक स्प्रिंगच असते; जागा कमी केली की शॉकप तळाशी जाताना ती झपाट्याने कडक होते. चकचकीत नळीवर एक बारीक केबल टाय बांधून सीलला टेकवून ठेवा. सेशननंतर तो कुठवर सरकला ते दिसतं. कडक ब्रेकिंगमध्ये तळाला पाच-दहा मिमी शिल्लक राहिले तर उत्तम. दर फेरीला तळ गाठत असेल तर एअर गॅप ५ मिमीने कमी करा. त्याने भागत नसेल तर प्रश्न स्प्रिंगचा आहे, तेल ओतत बसू नका.

डॅम्पिंग

स्प्रिंग गाडी उचलून धरते, डॅम्पिंग तिचा वेग आवरतं. कॉम्प्रेशन दाबताना, रिबाउंड परत येताना. अपाची आरआर ३१० च्या डायनॅमिक किटमध्ये किंवा बाहेरून घेतलेल्या कार्ट्रिजमध्ये (शॉकपच्या आत बसणाऱ्या डॅम्पिंगच्या तयार संचात) हे दोन्ही स्क्रूने बदलता येतं. पहिलं काम म्हणजे आहे ते लिहून ठेवणं: स्क्रू उजवीकडे फिरवत क्लिक मोजत जा आणि हलकेच टेकला की थांबा. जोर लावलात तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. मग तेवढेच क्लिक मागे आणा. सगळे आकडे 'बंद स्थितीपासून बाहेर किती' असेच लिहायचे.

लो-स्पीड आणि हाय-स्पीड या शब्दांत गाडीच्या वेगाचा संबंध नाही. शॉकपचा दांडा किती वेगाने सरकतो, तो वेग. ताशी १६० वरून ब्रेक मारताना शॉकप तसा सावकाश बसतो, म्हणून ते लो-स्पीड. कर्बच्या (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याच्या) धारेवर चाक आपटलं की हाय-स्पीड.

रिबाउंडची सुरुवात पार्किंगमध्ये होते. सीट जोरात दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन पुन्हा डुलली तर रिबाउंड कमी आहे. मलूल होऊन रांगत वर आली तर जास्त. साधारण एका सेकंदात वर आली तर सुरुवातीला पुरे.

रिबाउंड जास्त असण्याचा त्रास ओळखायला अवघड असतो. लागोपाठच्या धक्क्यांत शॉकपला परत यायला वेळच मिळत नाही, प्रत्येक धक्क्याला तो आणखी खाली बसत जातो आणि शेवटी गाडी दगडासारखी कडक लागते. रायडर पिटमध्ये येऊन म्हणतो 'फार हार्ड आहे' आणि कॉम्प्रेशन कमी करतो. मग ती आणखी खाली बसते. केबल टाय अशा वेळी खरं बोलतो: गाडी कडक लागतेय आणि टाय मात्र तळाशी, म्हणजे रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा.

ट्रॅकवर गेल्यावर

महाराष्ट्रातल्या रायडरला मोठ्या ट्रॅकसाठी बाहेरच जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किमीचा, कोइमतूरची कारी मोटर स्पीडवे २.१ किमीची, ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किमीहून मोठा, त्यात जवळपास किलोमीटरभराचा सरळ पट्टा. कारीवर गाडीने चटकन वळावं म्हणून केलेली सेटिंग बुद्धच्या पट्ट्यावर हँडल थरथरवू शकते. म्हणून प्रत्येक ट्रॅकचं वहीत वेगळं पान.

पहिल्या सेशनला काहीही बदलू नका. लाइन सापडेपर्यंत तक्रार गाडीची की तुमची हे कळत नाही. त्यानंतर तक्रार नेमकी कुठे होते ते सांगता आलं पाहिजे: ब्रेकवर, वळणाच्या मध्यावर की थ्रॉटल उघडताना. 'गाडी नीट वळत नाही' एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही.

ब्रेक मारताना नाक झपकन खाली जाऊन मागचं चाक हलकं होत असेल, तर पुढचं कॉम्प्रेशन एक-दोन क्लिक वाढवा. स्क्रू नसेल तर तेल एक टप्पा घट्ट, पण त्याने रिबाउंडही वाढतं हे ध्यानात ठेवा. वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर फाकत असेल, तर पुढची बाजू उंच राहतेय का ते बघा. पकडीतून नळ्या २ मिमी वर सरकवल्या तर फरक जाणवतो. थ्रॉटल उघडल्यावर फाकत असेल तर बहुधा मागची बाजू बसतेय. मागचा सॅग पुन्हा मोजा, मग कॉम्प्रेशनकडे वळा. नळ्या सरकवताना एका वेळी २ मिमीच, आणि शॉकप पूर्ण दाबल्यावर टायर रेडिएटर किंवा फेअरिंगला लागत नाही ना, याची खात्री आधी करा. सरळ पट्ट्यावर हँडल हलायला लागलं की लोक स्टिअरिंग डॅम्पर शोधतात. त्याआधी सरकवलेल्या नळ्या परत जागेवर आणून बघा.

एका सेशनला एकच बदल. दोन केले की कशाने काय झालं ते कळायला मार्ग नाही. आणि बदल चांगला वाटला तरी एकदा जुन्या सेटिंगवर परत जाऊन तपासा. दिवस चढतो तसा ट्रॅकही पकड देतो आणि आपणही सैलावतो, त्यामुळे लॅप टाइम कमी झाला म्हणजे क्लिकनेच झाला असं नाही. टायरवरचे ओरखडे बघून रिबाउंड ओळखणारे जाणकार पॅडॉकमध्ये भेटतील. ऐकून घ्या, पण आधी हवा तपासा.

आता मोनोशॉक

इतकं सगळं झाल्यावर, सॅग बरोबर, तेल नवं, स्प्रिंग तुमच्या वजनाची, आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मागची बाजू ढिली पडत असेल, तर साध्या मोनोशॉकमधलं तेल तापून पातळ होतंय. इथे चांगला मोनोशॉक पैसे वसूल करतो. पुढेही कार्ट्रिज किट तेव्हाच. ओहलिन्स, के-टेक, आंद्रेआनी, नायट्रॉन यांतलं काहीही घ्या, पण ऑर्डर देताना गिअरसकट वजन सांगा आणि त्याच वजनाची स्प्रिंग मागा. नव्वद किलोच्या माणसाने सत्तर किलोच्या स्प्रिंगचा महागडा मोनोशॉक बसवला तर तो पुन्हा प्रीलोडच्या कड्यापाशीच येतो. सर्व्हिस भारतात कोण करतं हेही आधी विचारा. सील बदलायला पार्सल परदेशी पाठवावं लागलं तर सीझन गेला.

परतताना

पुण्याहून चेन्नई सुमारे १,२०० किमी, गाडी टेम्पोतून जाते. स्ट्रॅप ओढून पुढचा शॉकप पूर्ण दाबून बांधायची सवय सोडा. एवढा वेळ सीलवर दाब राहिला की ट्रॅकवर पोचल्यावर नळी ओली दिसते. पुढचं चाक आणि खालची पकड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घाला आणि स्ट्रॅप त्यावर आवळा. घरी आल्यावर रस्त्यावर काढायच्या आधी टायरची हवा, प्रीलोडच्या खाचा आणि क्लिक वहीतल्या रस्त्याच्या पानावर परत आणा, आणि पकडीचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासा.